सोडणें आणि सोडविणें

'सोडणें' आणि 'सोडविणें' ह्या दोन क्रियापदांत भेद एकाच अक्षराचा. पण कोडें सोडणाऱ्याला आपण भित्रा समजतों आणि सोडविणाऱ्याला बुद्धिमान. संगणकावरील कोड्यांच्या खेळांनीं हा भेद पुन्हां विचारासाठीं पुढें ठेविला आहे. असे खेळ बहुधा पायऱ्यापायऱ्यांनीं रचलेले असतात. एक पायरी उलगडल्यावांचून दुसरीचें दार उघडत नाहीं. मग जेथें बुद्धि खुंटते तेथें ती पायरी ओलांडून पुढें जाण्याची मुभा असावी काय? आणि ती घेणाऱ्यानें कोणाचा अपराध केला काय?

ही चढण निष्कारण नसते. १९९१ सालच्या 'लेमिंग्ज' ह्या खेळांत चार गट मिळून १२० पातळ्या होत्या. खणणें, पूल बांधणें, वाट अडविणें अशीं कामें नेमून देऊन चिमुकल्या प्राण्यांचा तांडा सुखरूप दाराशीं न्यावयाचा. आरंभीं एकेक काम शिकवावयाचें, पुढें त्यांचा मेळ घालावयास लावावयाचें, अशी योजना. प्रत्येक विजयानंतर पुढील पातळीचा सांकेतिक शब्द मिळे. मित्राकडून तो उसना आणिला तर थेट शेवटच्या गटांत उडी घेतां येई. पण तेथें पोहोंचलेल्याच्या हातीं शब्द असे, विद्या नसे. नियमभंगाला शिक्षा करणारा कोणी नव्हता. पुढची पायरीच तें काम करी.

एवढ्यावरून सोडणें हें सर्वथा निंद्य ठरत नाहीं. जोनाथन ब्लो यांच्या 'ब्रेड' (२००८) ह्या खेळांत बहुतेक कोडीं बाजूला टाकून त्या त्या जगाचें टोक गांठतां येतें. मात्र कोडें सुटलें म्हणजे चित्राचा तुकडा हातीं येतो. जो मागें राहिला त्याची जागा चित्रांत रिकामी राहते, आणि पांचही चित्रें पुरीं झाल्यावांचून अखेरचें जग उघडत नाहीं. ही व्यवस्था मला न्याय्य वाटते. तींत दया आहे, कारण थकलेल्याला ती वाट देते. आणि सत्यही आहे, कारण जें राहिलें तें राहिलें असें ती सांगते. उद्यां परत या, एवढेंच तिचें म्हणणें.

ह्याच्या उलट प्रकार 'अँग्री बर्ड्‌स' ह्या खेळांत २०१० सालीं आला. पैसे मोजले कीं एक महाकाय गरुड येऊन अडलेली पातळी उद्ध्वस्त करी आणि वाट मोकळी होई. येथें प्रश्न खेळणाऱ्याच्या आळसाचा नाहीं, विकणाऱ्याच्या न्यायाचा आहे. गणित घालणारे गुरुजीच उत्तर विकूं लागले, तर गणित इतकें अवघड कां, अशी शंका शिष्यास येणारच. अडवणुकींत ज्याचा लाभ, त्यानें घातलेल्या अडचणीवर विश्वास ठेवणें कठीण.

कोणी म्हणेल, खेळ तो खेळ. एकान्तांत एक कोडें सोडलें तर कोणाचें काय बिघडलें? कोणाचेंच नाहीं, आणि म्हणूनच हा प्रश्न नीतीचा आहे. जेथें परक्याचें नुकसान असतें तेथें कायदा असतो, लोकापवाद असतो. जेथें साक्षीदार आपणच, तेथें स्वतःशीं खरें बोलण्याची संवय लागते किंवा मोडते. दिवसभर राबून आलेल्या मनुष्यानें एक पातळी ओलांडली, तर त्यानें एक आनंद गमाविला असेल, पण पाप केलें नाहीं. पाप सुरू होतें तें सोडलेल्याला सोडविलेलें म्हणण्यापासून. न समजतां पाठ करून वरच्या इयत्तेंत गेलेला विद्यार्थी, न वाचलेल्या ग्रंथावर मान डोलविणारा रसिक, न पटलेलें मत मिरविणारा वक्ता, हे सर्व त्याच एका अक्षराची चोरी करीत असतात. अडलेल्यानें खुशाल पुढें जावें; मात्र मागें काय राहिलें ह्याची नोंद स्वतःपाशीं ठेवावी.