अपराध कोणाच्या नावे?

कथेतल्या पात्राने पाप केले, तर त्याचा हिशेब कोणी चुकता करावयाचा? कादंबऱ्या लिहिताना मला हा प्रश्न नेहमी छळतो.

अमेरिकेतल्या 'एक्स-मेन' या चित्रकथेचेच पाहा. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ साली अद्भुत शक्तीच्या तरुणांचा हा संघ जन्मास घातला. खप बेताचाच, १९७० च्या अखेरीपासून काही वर्षे जुन्याच कथा पुन्हा छापीत. १९७५ साली नवा संघ आला आणि ख्रिस क्लेअरमाँटच्या लेखणीने दैव फिरले.

या कथांतली जीन ग्रे शक्तीने उन्मत्त होऊन एक तारा गिळते. त्याच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव नष्ट होतात. लेखक आणि चित्रकार जॉन बर्न यांनी तिला केवळ शक्तिहीन करून सोडावयाचे योजिले होते. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले. एवढ्या संहारानंतर शिक्षा नको? शेवट पुन्हा लिहावा लागला. १९८० च्या १३७ व्या अंकात जीनने स्वतःच मरण पत्करले. संपादकाने लेखनात हात घातलेला मला खपत नाही. पण येथे माझे मत शूटरांच्या बाजूचे. त्या पाच अब्जांच्या वतीने दुसरे कोण बोलणार होते?

१९८६ साली नव्या नियतकालिकासाठी मूळचे पाच वीर हवे झाले, तेव्हा जीन जिवंत निघाली. संहार करणारी ती नव्हेच, तिचे रूप घेतलेली एक शक्ती, असा खुलासा झाला. मेलेले माणूस परत आणल्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या पुराणांतही ते घडते. पण तिचा अपराध दुसऱ्याच्या नावे लिहिला गेला, आणि तिने पत्करलेले मरणही तिचे राहिले नाही.