सोडलेला पगार कोणाचा?

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपल्या घरांतून आजही ऐकू येते. आचरणात मात्र हुबळी-धारवाडच्या पुष्कळ जुन्या मराठी कुटुंबांनी ती केव्हाच उलटी करून टाकली आहे. आधी दप्तरातील कारकुनी, मग सदर्न मराठा रेल्वे, त्यानंतर शाळा-कॉलेजे आणि बँका, अशा पायऱ्यांनी आपली घरे येथे स्थिरावली. महिन्याच्या एक तारखेसारखा आधार नाही, ही खूणगाठ पूर्वजांनी बांधली आणि आपणही ती सोडली नाही. म्हणूनच घरातील एखादा मुलगा 'नोकरी सोडतो' म्हणाला, की वडीलधारी मंडळी गंभीर होतात. अलीकडे याच्या उलट सूरही ऐकू येतो. नोकरी सोडणारा तो धाडसी आणि न सोडणारा तो भित्रा, असे मानले जाऊ लागले आहे. या दोन्ही भूमिकांत एक प्रश्न विचारायचाच राहून जातो, असे आम्हांस वाटते. सोडला जाणारा पगार नेमका कोणाचा असतो?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकातून सुचलेला नाही. आमच्या काकांनी १९७४ साली हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमधील नोकरी सोडली, गोकुळ रोडवर एक शेड भाड्याने घेतली आणि दोन लेथ बसवले. काका हाताचे कसबी होते. मालात खोट नव्हती. पण एका मोठ्या गिऱ्हाइकाकडील येणे महिनोन् महिने अडकून पडे आणि कामगारांचा पगार मात्र दर शनिवारी द्यावा लागे. अशाच एका शनिवारी काकूंच्या पाटल्या सराफाकडे गेल्या. कारखाना अकरा वर्षे चालला. फार वाढला नाही, दिवाळेही निघाले नाही. पाटल्या तेवढ्या परत आल्या नाहीत. पुष्कळ वर्षांनी आम्ही काकूंना त्याविषयी विचारले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "विचारलं असतं तर दिल्याच असत्या रे. कपाट उघडलं तेव्हा कळलं."

काकूंचे दुःख पाटल्या गेल्याचे नव्हते, न विचारल्याचे होते. या विषयातील नैतिक प्रश्न तो एवढाच आहे.

थोडा हिशेब मांडून पाहू. एखाद्याचा पगार साठ हजार आणि घरखर्च पंचेचाळीस हजार आहे असे धरले, तर धंद्यातून घरी काही येईपर्यंतच्या दोन वर्षांत केवळ घर चालवण्यास १० लाख ८० हजार रुपये लागतील. शिवाय मालक भविष्यनिर्वाह निधीत घालीत असलेली रक्कम थांबते. मूळ वेतन तीस हजार धरल्यास १२ टक्क्यांप्रमाणे ती दोन वर्षांत ८६ हजार ४०० होते. कंपनीने काढलेला आजारपणाचा विमा संपतो. घरकर्जासाठी गेल्यास बँक पगाराच्या चिठ्ठीऐवजी मागील वर्षांची आयकर विवरणे मागते. बँकेस सादर होणाऱ्या प्रकल्प-अहवालात यंत्र, शेड, कच्चा माल व खेळते भांडवल यांचे रकाने असतात. या दहा-अकरा लाखांना मात्र बहुधा तेथे जागा नसते. तो पैसा कोणी तरी घालीतच असते: पत्नीच्या पगारातून, वडिलांच्या पेन्शनीतून किंवा धाकट्या भावाच्या लांबणीवर पडलेल्या लग्नातून. हे भागधारक खरे, पण त्यांच्या नावे भाग नसतो.

धंदा सुरू झाल्यावरही ओढाताण संपत नाही. माल उधारीवर दिला तरी बिलावरील जीएसटी साधारणतः पुढच्याच महिन्यात भरावा लागतो. गिऱ्हाइकाचे पैसे तिसऱ्या महिन्यात आले तर मधला भार विकणाऱ्यावर. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा कायदा २००६ साली झाला. मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदारास, ते प्रत्यक्ष देईपर्यंत, त्या खर्चाची आयकरात वजावट मिळू नये, अशी तरतूदही १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तरीही पुढची ऑर्डर जाईल या भीतीने लहान माणूस तक्रार करीत नाही. काकांच्या काळचे शनिवार अजून सरलेले नाहीत.

यावर कोणी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण देईल. गुर्लहोसूर आपल्या शेजारच्याच बेळगाव जिल्ह्यातील, त्यामुळे त्यांचा अभिमान आपणांस वाटतोच. पण त्यांचे चरित्र नीट पाहावे. १८८८ साली सायकलींचा व्यवसाय सुरू झाला, तेव्हा लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा त्या विकीत. पगार काही वर्षे चालूच होता. बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा पायाखाली दुकान होते आणि पाठीशी भाऊ होता. पुढे लोखंडी नांगर खपेनात, बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी जमीन आणि दहा हजारांचे कर्ज दिले व १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांचे कर्तृत्व याने उणे होत नाही. त्यांनी एकट्याने उडी घेतली नव्हती, इतकेच.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे. १९८१ साली नारायण मूर्तींनी सहकाऱ्यांसह इन्फोसिस सुरू केली, तेव्हा हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या सुधाताईंनी आपल्या शिलकीतले दहा हजार रुपये दिले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. आम्हांस त्या रकमेहून महत्त्वाची वाटते ती त्यांनी घातलेली अट. घर आपण चालवू, पण तीन वर्षेच, असे त्यांनी सांगितले होते. येथे देणारी व्यक्ती जाणून देत होती आणि मुदत ठरलेली होती. आमच्या काकूंना नेमके हेच मिळाले नाही.

असे विचारत बसले तर कोणी नोकरी सोडणारच नाही, हा आक्षेप आम्ही ओळखून आहोत. तो अगदीच खोटा नाही. घरची माणसे काळजीपोटी बहुधा 'नको' म्हणतात आणि आपल्या भीतीसाठी दुसऱ्याचे आयुष्य अडवून धरण्याचा अधिकार त्यांनाही नाही. पण विचारणे म्हणजे परवानगी मागणे नव्हे. किती पैसे जातील, किती दिवस जातील आणि कोणत्या टप्प्यावर थांबायचे, हे तिघाचौघांसमोर कागदावर मांडणे म्हणजे विचारणे. तो कागद पाहूनही घरच्यांनी नकार दिला तर निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. मात्र मग ज्याने नकार दिला त्याच्या कपाटाला हात लावू नये.

यशस्वी झालेल्यांची चरित्रे लिहिली जातात. न झालेल्यांच्या घरी फक्त मोकळी कपाटे राहतात. आपल्या मुलांपैकी काहींनी अवश्य उद्योगात जावे. गोकुळ रोड, तारिहाळ, बेलूर येथील शेडना आपल्या घरांतील हुशारीची गरज आहे. त्यांना अडवण्याचे किंवा त्यांच्यावर फुले उधळण्याचे काम आपले नाही. हिशेबाची वही उघडून त्यांच्याशेजारी बसणे, आणि पहिल्या पानावर घरच्यांचे नाव व त्यांनी घातलेली रक्कम लिहून घेणे, एवढे आपण करू शकतो. काकूंचे नाव त्या कारखान्याच्या कोणत्याही वहीत नव्हते. निदान या पानावर तरी ती नोंद राहावी, म्हणून हे लिहिले.