तिकीट काढून ऐकलेला अभंग

आषाढी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत अभंगांचे कार्यक्रम लागतात. तिकीट काढून ऐकलेला अभंग ही भक्ती की नुसतीच मैफल, हा वाद जुनाच. पैशावर बोट ठेवणाऱ्यांच्या बाजूने खुद्द तुकोबा आहेत: जिथे कीर्तन करावं तिथे अन्न घेऊ नये, कपाळाला बुक्काही लावून घेऊ नये, इतकं कडक पथ्य त्यांनी सांगितलं. पण ते पथ्य कीर्तनकाराचं. श्रोत्याची भक्ती त्याने ठरत नाही. जागेचंही तेच. चोखोबांना विठ्ठलाच्या देवळाची पायरी ओलांडू दिली नाही. ते दार दलितांसाठी उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. म्हणून काही चोखोबा-सोयराबाईंची भक्ती उणी ठरली नाही. मग नाट्यगृहालाच नाक का मुरडावं?

खरा फरक श्रोत्याच्या वाट्याला काय येतं, यात आहे. वारकरी कीर्तनात टाळकरी मागे उभे असतात. कीर्तनकाराने चरण म्हटला की ध्रुपद ते उचलतात, पखवाज चढतो आणि समोर मांडी घालून बसलेले म्हातारेही टाळ्यांवर नामघोषात येतात. गळा बेसूर असला तरी कुणी वळून बघत नाही. भीमसेन जोशींच्या ‘संतवाणी’त शब्द संतांचेच, साथीला टाळ-पखवाजही. पण तिथे ओळ पुन्हा घेत ते स्वतः भीमसेन, दर खेपेला नव्या जागेवरून, आणि श्रोता त्या जागेची वाट बघे. ती आली की दाद देई. दाद विठ्ठलाला नसते, गळ्याला असते.

यावर कुणी म्हणेल, नवविधा भक्तीत पहिलं स्थान श्रवणालाच आहे. खरं आहे, पण ते श्रवण हरिकथेचं. त्यात ऐकणाऱ्याने बदलायचं असतं, पारखायचं नसतं. एखाद्याचे डोळे मैफलीतही भरून येतात, हेही मान्य. मात्र ते मारवा रागानेही येतात. आणि कलेचा आनंद हा काही कमी प्रतीचा नव्हे. त्याला उगाच बुक्का लावायची गरज नाही, एवढंच. आयोजकांनी तो खुशाल मैफल म्हणून विकावा. आणि भक्तीचंच नाव घ्यायचं असेल, तर निदान शेवटच्या गजरात सभागृहातले दिवे लावावेत आणि ध्रुपद श्रोत्यांवर सोडावं.