तीन वर्षांचं मानधन

आई-वडिलांच्या नावाने काढलेला ट्रस्ट लहान आहे, त्याच्या बैठकीतली भांडणं मात्र मोठी असतात. बोलके विश्वस्त दोनच. थोरली बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, धाकट्या भावाचा चाकणला सुट्या भागांचा कारखाना. यंदा समोर एकच अर्ज होता. नोकऱ्या सोडलेलं एक तरुण जोडपं मुळशीकडे भाड्याच्या घरात शिक्षणघर चालवतं. बहुतेक मुलं पुण्याची, आईबापांनी विचारपूर्वक शाळेबाहेर ठेवलेली. पाच जण जवळच्या वस्तीवरचे. जोडप्याने इमारत मागितली नव्हती की संगणक मागितले नव्हते. तीन वर्षं दोघांना मानधन द्या, एवढंच म्हटलं होतं.

भाऊ : मला तर अर्ज आवडला. कुणीतरी सरळ म्हणतंय की आम्हाला जगायला पैसे हवेत. एरवी सगळे बाकं मागतात आणि पगार त्या बाकांखाली लपवतात.

ताई : अरे, पण मग आपण पैसे शिक्षणघराला देतोय की या दोघांना?

भाऊ : दोघांना. सुरुवातीला संस्था म्हणजे एक-दोन माणसंच असतात, ताई. कर्मवीरांच्या लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले ते वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठीच ना?

ताई : स्वतःचे मोडले, अगदी मंगळसूत्रापर्यंत.

भाऊ : म्हणजे ज्याच्या घरात मोडायला काही नाही त्याने शाळा काढूच नये? आज असले प्रयोग कोण करतं बघ. ज्यांचं घर स्वतःचं आहे, दोघांतलं एक कमावतं आहे, तेच. आपण मानधन दिलं तर निदान एखाद्या शेतमजुराच्या मुलीलाही पुढे कधी हे सुचू शकेल.

या मुद्द्याला ताईंकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते कुणाकडेच नसावं. त्यागाचं कौतुक करणाऱ्या समाजात त्याग परवडणारेच संस्थापक होतात. पण ताई दुसऱ्या बाजूने आल्या.

ताई : आत्मचरित्रात गांधीजींनी लिहिलंय की सार्वजनिक संस्था कायमच्या निधीवर चालवू नये. दरवर्षी लोकांनी वर्गणी द्यावी. ती आटली तर लोकांना संस्था नको आहे असं समजावं. आपण तीन वर्षं पैसे ओतले तर या दोघांना कळणारच नाही की त्यांचं काम कुणाला हवंय.

भाऊ : त्याच गांधीजींनी 1936मध्ये रवींद्रनाथांना साठ हजार मिळवून दिले ना? चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा विश्वभारतीसाठी नृत्यनाट्याचा चमू घेऊन गावोगाव फिरत होता. गांधीजींना ते बघवलं नाही.

ताई : ते एकदाच दिले, आणि देणाऱ्याने नाव लावलं नाही. एकदा दिलं की धन्याचं तोंड बघायची सवय लागत नाही.

भाऊ : मी कुठे अहवाल मागणार आहे?

ताई : न मागणाऱ्या दात्याची जास्त भीती वाटते मला. मागितलं तर माणूस निदान वाद घालतो. नाही मागितलं तर याला काय आवडेल याचा अंदाज बांधत बसतो. तू एकदा जाऊन सुतारकाम बघून 'वा' म्हणालास की पुढच्या वर्षी सगळी पोरं रंधा मारताना दिसतील.

भाऊ : बरं, मग पैसे घ्यायचे कुणाकडून? सरकारकडून घ्यावं, तर कर्मवीरांच्या रयत संस्थेचं अनुदान स्वातंत्र्यानंतर लगेच सरकारने थांबवलं होतं. माझं घेतलं तर मी धनी. पालकांच्या फीवर चालवलं तर वस्तीवरची पाच पोरं पहिल्या महिन्यातच बाहेर. धनी नसलेला पैसा दाखव मला.

ताई : नसतोच. म्हणून तर विचारतेय, फटका कुणाला बसणार?

भाऊ : ताराबाई मोडकांचं बघ. भावनगरला गिजुभाईंच्या बालमंदिरात शिकल्या, 1945मध्ये बोर्डीला गेल्या, मग सहकारी अनुताईंबरोबर कोसबाडला. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. पाड्यावरची अंगणवाडी पुढे 1975च्या सरकारी योजनेतून देशभर गेली. भावनगर ते बोर्डी वीसेक वर्षं गेली मध्ये. या दोघांनाही वेळ दे.

ताई : कुरणशाळा पोरांकडे गेली रे. इथे पोरं उचलून आणली आहेत. आणि त्या पाच जणांची नावं आधी कुठे होती, विचारलंस?

भाऊ : वस्तीवरच्या शाळेत असतील.

ताई : त्या शाळेचा पट वीसच्या आत असणार. अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं सरकारच्या मनात आहेच. पाच नावं कमी झाली की ती शाळा आयतीच यादीत जाते. म्हणजे आपल्या दानाने, ज्यांनी आपल्याकडे काही मागितलंच नाही, त्या दहा-बारा पोरांची शाळा तीन किलोमीटर लांब जाईल.

भाऊ बराच वेळ अर्ज चाळत राहिला. कारखानदार असल्यामुळे त्याला शेवटी कायदा आठवला.

भाऊ : शिवाय मान्यता नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 18 लावलं तर एक लाखापर्यंत दंड, चालूच ठेवलं तर वर रोजचे दहा हजारांपर्यंत. ते म्हणतात आम्ही शाळा नाहीच. पुण्याची पोरं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतील.

ताई : बसतील, कारण त्यांच्या आईला तो फॉर्म कुठे मिळतो ते माहीत आहे. तीन वर्षांनी मानधन संपलं, हे दोघं थकले, की पुण्याची पोरं दुसऱ्या शाळेत जातील. फी भरली की झालं. वस्तीवरच्या पाचांचं काय?

भाऊ : वयानुरूप वर्गात घ्यावंच लागतं, कायदा आहे.

ताई : घेतात. मीही घेतलीत. पण ती वस्तीवरची शाळा तोवर असेल का? आणि ज्या पोराला तीन वर्षं कुणी 'चूक' म्हटलं नाही, ते पाचवीत येऊन मागच्या बाकावर बसलं की पहिले काही महिने तोंड उघडत नाही. प्रयोग सगळ्यांचा असतो, फसला की मात्र त्याची किंमत सारखी वाटली जात नाही.

भाऊ : मग वस्तीवरची पोरं नकोत म्हणून सांगू? तर ते पुण्याच्या सुखवस्तू पोरांचं मंडळ होईल, आणि त्याला पैसे द्यायला मला लाज वाटेल.

ताई : तेही नको. असं लिही. पुण्याच्या पालकांनी निम्मं मानधन उचलावं, वर्गणी म्हणून. निम्मं आपण. आणि आपलं निम्मं तीन वर्षं नाही. त्या पाचांतलं सगळ्यात लहान पोर चौदा वर्षांचं होईपर्यंत.

भाऊ : ते सहाचं आहे.

ताई : मग आठ वर्षं.

भाऊ : मघाशी म्हणालीस एकदाच द्यावं.

ताई : मघाशी मी संस्थेबद्दल बोलत होते.

भाऊ : आणि वस्तीच्या शाळेचा पट?

ताई : त्यासाठी त्या पोरांची नावं तिथेच राहू देत, आठवड्यातले तीन दिवस हे दोघं तिथे जाऊन शिकवू देत. गुरुजी हो म्हणाले तर.

भाऊ : म्हणजे शिक्षणघर निम्मं सरकारी शाळेतच. त्यांनी नोकऱ्या सोडल्या त्या यासाठी नव्हे, ताई.

ताई : विचारून तर बघ.

भाऊ : विचारतो. पण एक गोष्ट लक्षात घे, आठ वर्षं आपण म्हणतोय. त्यांनी तीनच मागितली आहेत.