खाड्याचा हिशेब

कामावर एखादा आला नाही, की आपण लगेच त्याच्या स्वभावावर घसरतो. कामचुकार आहे, जबाबदारीची जाणीव नाही वगैरे. माणूस कामाला का येत नाही, हे खरेच समजून घ्यायचे असेल, तर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांकडे पाहावे. त्यांच्यात कामावर न आलेल्या दिवसाला खाडा म्हणतात, आणि खाड्याला दंड असतो. दिवसाला 500 रुपयांच्या आसपास.

धारूर, केज, वडवणी, पाटोदा इकडची माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, तीही जोडीने. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणून बाईला ताप भरला, की धडधाकट गड्याचाही दिवस बुडतो. त्याने तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या कुणी, डोक्यावरून गाडीत चढवायच्या कुणी? त्यात गाडी रात्री आली, तर भरणी रात्रीच. दंड उचलीत चढतो आणि फिटला नाही, तर पुढच्या हंगामाच्या नावावर जातो.

मग पाळीच्या दिवसांत बाईने काय करायचे? फडात आडोसा नाही, कोपीत पुरेसे पाणी नाही, आणि बसून राहिले तर खाडा. खाडा नको म्हणून बायका गर्भाशयाची पिशवीच काढून घेतात, अशी 2019 साली ओरड झाली, तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82 हजार 309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13 हजार 861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सगळे खापर खाड्यावर फोडता येणार नाही; कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर होते, वर्षानुवर्षे अंगावर काढलेली दुखणी होती. पण खाडाही होताच.

पुढे अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. बरे झाले. खाड्याचा दंड कापायला मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही.

सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला 8 किरकोळ रजा असतात. त्या देणारा साहेब असतो, अर्ज असतो, नाकारल्यास भांडायला संघटना असते. फडातल्या बाईने अर्ज करायचा कुणाकडे? कारखाना म्हणतो, माणसे मुकादमाची. मुकादम म्हणतो, पैसा कारखान्याचा.