शेरा आणि पश्चात्ताप

इंग्लंडातील एखाद्या कॅथलिक प्राथमिक शाळेवर सरकारी तपासनिसांनी प्रतिकूल शेरा मारला म्हणजे शाळेकडून पालकांस जे पत्र जाते, त्याचा साचा बहुधा ठरलेला असतो. निकालाने आम्हांस खेद झाला आहे. तथापि आमची शाळा हे एक प्रेमळ कुटुंब आहे. मुले येथे सुखात आहेत. त्यांच्या सद्वर्तनाची तपासनिसांनीही वाखाणणी केली आहे. ज्या काही उणिवा राहून गेल्या त्या दूर करण्याचे काम सुरूही झाले आहे. या पत्रातील एखादे वाक्य खोटे असते असे आमचे म्हणणे नाही. उलट, सगळी वाक्ये खरी असूनही एकंदर पत्र मात्र खरे वाटत नाही, हीच त्यातली विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

हा विषय आमच्या वाचकांस अगदीच परका वाटू नये. मिशनऱ्यांच्या शाळांत आपली मुले घालणारी घराणी आपल्याकडे थोडी नाहीत, आणि इंग्लंडात स्विंडनसारख्या गावी गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबांची मोठी वस्ती आहे. परंतु आम्ही हा विषय हाती घेतला तो एवढ्याचसाठी नव्हे. दोष लागलेल्या माणसाने कसे वागावे हे सर्व धर्मांनी सांगून ठेवले आहे. दोष लागलेल्या संस्थेने कसे वागावे हे मात्र फारसे कोणी सांगितलेले नाही. आणि ती संस्था जर धर्माच्या नावाने चाललेली असेल, तर तिच्यापुढील पेच अधिकच कठीण होतो.

या शाळांचा पूर्वेतिहास अभिमान बाळगण्याजोगा आहे. आयर्लंडातील दुष्काळाने देशोधडीस लागलेली कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील कारखान्यांच्या गावी येऊन पडली, तेव्हा १८५२ साली तेथील बिशपांच्या धर्मसभेने असे ठरविले, की नव्या वस्तीत आधी शाळा बांधावी आणि तूर्त तिच्यातच प्रार्थना चालवावी. शाळेवाचून नुसते चर्च उभारू नये. देवळाआधी शाळा, हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्या लेखी मुलास लिहिता-वाचता येणे ही धर्माबाहेरची बाब खासच नव्हती. पुढे १९४४ च्या शिक्षणकायद्याने यांपैकी बहुतेक शाळा सरकारी खर्चाच्या व्यवस्थेत आल्या. मात्र धर्मशिक्षण व व्यवस्थापन यांवरील चर्चचा अधिकार राहिला. त्यामुळे आजही या शाळांत दोन निरनिराळे तपासनीस येतात. १९९२ मध्ये स्थापन झालेली ऑफस्टेड ही संस्था वाचन, गणित, शिस्त, मुलांची सुरक्षितता इत्यादी पाहते; धर्मशिक्षण, प्रार्थना व शाळेचे कॅथलिक जीवन पाहण्याचे काम चर्चच्या तपासनिसांचे असते.

नेमकी येथेच मोहाची जागा आहे. सरकारचा शेरा वाईट आणि चर्चचा शेरा उत्तम असा प्रकार घडू शकतो, व घडला म्हणजे शाळेस एक सोयीस्कर आडोसा सापडतो. सरकार मोजते ती बुद्धी, आम्ही घडवितो तो आत्मा, असे म्हटले की वाद संपल्यासारखा वाटतो. आमच्या मते हा युक्तिवाद १८५२ च्या त्या ठरावाशीच बेइमानी करणारा आहे. ज्या मुलाच्या घरी पुस्तक नाही, ज्याच्या आईबापांची भाषा वेगळी आहे, त्याला वाचता येऊ नये आणि आपण मात्र त्याच्यावर प्रेम करीत आहोत असे म्हणावे, यात त्या प्रेमाचा अर्थ काय उरला? सुखवस्तू घरचे मूल शाळेने हयगय केली तरी घरी शिकते. गरिबाच्या मुलास दुसरा आधार नसतो.

याच शाळांत सात-आठ वर्षांच्या मुलांस, प्रथम कम्युनियनच्या आधी, पापनिवेदन करण्यास शिकवितात. गोमंतकात ज्यास 'कुमसार' म्हणतात तोच हा संस्कार. तेथे मुलास सांगितले जाते, की आपले तेवढे सांगावे, भावाने काय केले ते सांगू नये. मी मारले असे म्हणावे, भांडण झाले असे म्हणू नये. आणि सबबी जोडू नयेत. आता शाळेचे पत्र पुन्हा वाचून पाहावे. आमच्या भाषेत क्रियापदाचा असा एक प्रयोग आहे, की त्यात सर्व काही घडते पण करणारा कोणी नसतो. उणिवा 'राहून जातात', लक्ष 'दिले जात नाही', निकाल 'खालावतात'. इंग्रजीतही तीच सोय आहे. वाखाणणीच्या वाक्यांत 'आम्ही' असतो, दोषाचे वाक्य आले की तो 'आम्ही' हळूच बाजूस होतो. सात वर्षांच्या पोराकडून जे बोलणे आपण करून घेतो, तेच बोलण्याचा प्रसंग आला असता प्रौढांच्या सबंध मंडळाची जीभ अडखळावी, हे पाहून आम्हांस हसू येत नाही, वाईट वाटते. (आम्ही स्वतः 'आम्ही' म्हणून लिहितो, तेव्हा या सर्वनामाचे दुर्गुण आम्हांस ठाऊक आहेत.)

परंतु शाळेस इतके कठोर बोलल्यावर तपासनिसाच्या पारड्यातही काही टाकणे न्यायाचे आहे. पापनिवेदन गुप्त असते, स्वखुशीचे असते, आणि त्याच्या अंती क्षमा असते. तपासणी बाहेरून येते, तिचा निकाल चव्हाट्यावर लागतो, आणि क्षमा करण्याचा अधिकार तपासनिसास कोणी दिलेला नसतो. ज्याला क्षमेची आशा नाही तो कबुली कशी देणार? १८६२ च्या नव्या नियमावलीने इंग्लंडात मुलांच्या परीक्षेवर शाळेचे अनुदान ठरू लागले. वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी एकेका विषयात मूल नापास झाले, की त्याच्या आठ शिलिंगांपैकी एकेक तृतीयांश कापला जाई. परिणाम व्हावयाचा तोच झाला. शिक्षक तपासनिसापुरते पाठ करून घेऊ लागले. कवी मॅथ्यू अर्नोल्ड हा स्वतः सरकारी तपासनीस असून त्याने त्याच वर्षी या पद्धतीवर जाहीर टीका केली, हे त्याच्या नोकरीच्या दृष्टीने धाडसाचेच म्हटले पाहिजे. मुंबई इलाख्यातही निकालावर पैसा देण्याची ही रीत येऊन गेली. आणि 'डेप्युटी' येणार म्हणून शाळा सारवून, हुशार पोरे पुढच्या ओळीत बसविण्याची कला आपल्याकडे कोणास शिकवावी लागली नाही.

अलीकडे याहून दारुण प्रकार घडला. रेडिंग येथील एका प्राथमिक शाळेच्या (ती कॅथलिक नव्हती) मुख्याध्यापिकेने जानेवारी २०२३ मध्ये आत्महत्या केली. शाळेची शिकवणूक चांगली ठरली होती, पण मुलांच्या सुरक्षिततेच्या व्यवस्थेत दोष निघाल्यामुळे सबंध शाळेवर 'अपुरी' हा एकच शब्द उमटणार होता. त्या तपासणीचा या मृत्यूस हातभार लागला, असा निष्कर्ष डिसेंबर २०२३ मध्ये कॉरोनरने दिला. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांस एका शब्दात निकाली काढण्याची चाल बंद झाली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून शाळेच्या निरनिराळ्या अंगांची पाच पायऱ्यांवर वेगवेगळी पारख होऊ लागली. हा बदल योग्यच झाला. मात्र पूर्वी पत्रात एका शब्दाविरुद्ध तक्रार करता येत असे, ती सबब आता उरली नाही. वाचनात उणे आहे असे वेगळे लिहिले गेले, म्हणजे वाचनाविषयीच बोलावे लागते.

या प्रकरणी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पुष्कळदा संस्थेचा पश्चात्ताप एकट्या मुख्याध्यापकाच्या राजीनाम्यावर भागविला जातो. बिशपने नेमलेले सभासद या जुन्या व्यवस्थेतील शाळांच्या व्यवस्थापक मंडळात बहुसंख्य असतात. वर्षानुवर्षे अहवालांवर माना डोलावणारे तेच, आणि नवा मुख्याध्यापक नेमणारेही तेच. बकरा कापला म्हणून घर शुद्ध झाले असे मानण्याची ही रीत त्यांच्या धर्मातही बसत नाही. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे क्षमेने पाप जाते, पण केलेले नुकसान आपोआप भरून येत नाही. चोरलेली वस्तू परत करावी लागते, व दुसऱ्याची हानी होईल तितकी भरून द्यावी लागते.

शाळेने घेतलेली वस्तू म्हणजे मुलाचे वर्ष. ते परत कसे करावे? सातव्या वर्षी ज्याचे वाचन अडले तो अकराव्या वर्षी ही शाळा सोडून जातो. सुधारणेची योजना सफळ होऊन पुढच्या तपासणीत शाळेस शाबासकी मिळेल, तेव्हा कदाचित तो त्या इमारतीत नसेलही. म्हणून शाळेचे उत्तर तपासनिसास पटले की नाही, हा प्रश्न आम्हांस दुय्यम वाटतो. आम्ही त्या व्यवस्थापक मंडळात असतो, तर पालकांस निराळे पत्र लिहिण्याचा आग्रह धरला असता: तुमच्या मुलास वाचनाचे जे पाठ गेल्या वर्षी मिळावयास हवे होते ते आम्ही दिले नाहीत, ते आता आठवड्यातून अमुक दिवस, अमुक वेळी, अमुक शिक्षिका देतील, तुम्ही केव्हाही येऊन पाहावे. असे पत्र धाडण्यास कायद्याचा सल्लागार बहुधा हरकत घेईल, लेखी कबुली पुढे अंगाशी येते म्हणून सांगेल, आणि धर्मप्रांताच्या कचेरीसही मसुदा थोडा सौम्य करावासा वाटेल. तो करावा की नाही, हे बिशपच्या त्या सभासदांनाच एखाद्या संध्याकाळी, मुले घरी गेल्यावर, त्यांच्याच लहानशा बाकांवर बसून ठरवावे लागेल.