निरसे दूध आणि खरे बोलणे

इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्यामागे एका गवळ्याचा गोठा होता. धारोष्ण दूध म्हणजे अमृत, या श्रद्धेने आजी आम्हा मुलांना तेथेच पेलाभर फेसाळ दूध पाजीत असे. एके सकाळी त्या गवळ्याने आपण होऊन सांगितले, की एका गाईने गाभ टाकला आहे, मुलांना निरसे दूध देऊ नका, तापवून द्या. आजीने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून रतीब दुसरीकडे लावला.

गवळी बरोबर बोलत होता, हे पुढे वाचनातून कळले. गाभण गाय शेवटच्या महिन्यांत गाभ टाकते, त्याचे एक मोठे कारण म्हणजे ब्रुसेलोसिस, अर्थात सांसर्गिक गर्भपात. गाईंमधील या रोगाचा जंतू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये शोधला. त्याच कुळातील जंतू माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना वारंवार उलटणाऱ्या तापाने जर्जर करीत होता. तो डेव्हिड ब्रूस यांना १८८७ मध्येच सापडला होता. पण तो येतो कोठून, हे कळायला १९०५ साल उजाडावे लागले. थेमिस्टोक्लिस झॅमिट यांना तो वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत आढळला. सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद झाले आणि ताप झपाट्याने ओसरला. जनावर निरोगी दिसते म्हणून दूध निर्धोक ठरत नाही, हा त्यातला धडा. गाईंच्या क्षयाचे जंतूही दुधातून माणसात येऊ शकतात.

दूध उकळले की हे जंतू मरतात. आपल्या घरांत दूध तापवूनच विरजण्याची रीत आहे. तिने किती पिढ्यांना नकळत राखले असेल! उरते ते धारोष्ण दूध, निरशा दुधाचे पनीर आणि पूजेचे पंचामृत. दूध तापवून, निववून पंचामृत केल्याने भक्तीत उणेपणा येईल असे मला वाटत नाही.

परंतु खरा प्रश्न स्वयंपाकघरात सुटत नाही. आपण दूध तापवतो, आपण वाचतो. उघड्या हातांनी मेलेले वासरू ओढून काढणारा, जार उचलणारा गवळी मात्र वाचत नाही. हा रोग त्या मार्गानेही जडतो. अनेक देशांत रोगी जनावर मारून मालकाला भरपाई देतात. आपल्याकडे बहुतेक राज्यांचा कायदा आणि आपले मन, दोन्ही गाईच्या बाबतीत त्याला संमती देत नाहीत. ही करुणा मला मोलाची वाटते. पण तिची किंमत कोण मोजतो? रोगी गाय पोसायची गवळ्याने, आणि खरे सांगितले तर गिऱ्हाईकही गमवायचे त्यानेच. पशुरोगांची खबर द्यावी, असे २००९ चा केंद्रीय कायदा सांगतो. २०१९ पासून चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना या रोगाची लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही चालू आहे. तथापि आधीच रोग जडलेल्या गाईला ती लस बरे करीत नाही, आणि खबर देण्याचे धैर्य कायद्याने येत नाही.

कोणी म्हणेल, गिऱ्हाईक दाम मोजते ते चांगल्या दुधाचे. त्याने रोगाचा भार का वाहावा? रोगट दूध विकत घ्या, असे कोणीच म्हणत नाही. पण पशुवैद्याच्या तपासणीचा खर्च चार घरांनी मिळून उचलता येतो; निरोगी ठरलेल्या गाईंचे दूध तापवून घेत राहता येते. खरे बोलणाऱ्याला एकटे न सोडणे, एवढेच आपले कर्तव्य आहे, आणि ते थोडे नाही.

आजी दुष्ट नव्हती. नातवंडांच्या काळजीनेच तिने तसे केले. नव्या गवळ्याने मात्र पुढील कित्येक वर्षांत गाय गाभडल्याचे कधीच सांगितले नाही. त्या मौनालाच आम्ही दुधाची शुद्धता समजत होतो.